गाडीचा टॉप स्पीड कोण ठरवतं? इंजिन, हवा आणि जमाखर्चाचं गणित

लग्नकार्य असो, गणेशोत्सव असो की कोजागरीचं दूध, आपली मंडळी जमली की एका कोपऱ्यात गाड्यांचा विषय निघतोच. इंदूरच्या मराठी घरांपुढे पूर्वी स्कूटर आणि मारुती ८०० दिसायच्या, आता तिथे मोठ्या एसयूव्ही उभ्या असतात. दिवाळीत पुण्याला, मे महिन्यात कोकणात, अधूनमधून उज्जैन-ओंकारेश्वरला सगळं घर एकाच गाडीतून निघतं. मग प्रश्न येतात. ‘आमची १७० पीएसची आहे, जास्तीत जास्त किती पळेल?’ ‘पैसे वाढवून २०० पीएसचं मॉडेल घेतलं तर स्पीड किती वाढेल?’ ‘एवढ्या मोठ्या इंजिनाची गाडी, तरी साधी सेडान पुढे कशी निघून जाते?’

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेत झालेली. इंजिनिअर नाही. पण या विषयावर वाचायला बसल्यावर लक्षात आलं की हे गणित आपल्या ओळखीचंच आहे. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. खर्च जमेइतका झाला की गाडीचा वेग वाढायचा थांबतो. तोच टॉप स्पीड. शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे यात काही लागत नाही. एकदा नीट समजून घेतलं तर गाडी घेताना आणि मुख्य म्हणजे चालवताना फार उपयोगी पडतं.

जमेची बाजू: इंजिनाची शक्ती

गाडीच्या माहितीपत्रकात पीएस किंवा बीएचपी असा आकडा असतो. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला लागते ती शक्ती म्हणजे एक पीएस. म्हणजे साधारण एक मोठा माणूस दर सेकंदाला एक मीटर उचलत राहायचा. किलोवॅटमध्ये हे ०.७३५५ होतं. बीएचपी ही ब्रिटिश पद्धतीची मोजणी, ती थोडी मोठी, ०.७४५७ किलोवॅटची. त्यामुळे १७० पीएस आणि १६८ बीएचपी हे एकच इंजिन असतं. दोन कंपन्यांची पत्रकं शेजारी ठेवून तुलना करताना एवढं पाहून घ्यावं.

उदाहरणासाठी आपण सात आसनी डिझेल एसयूव्ही घेऊ. टाटा सफारीच्या दोन लिटर डिझेल इंजिनाची जाहीर शक्ती १७० पीएस आहे. या वर्गातल्या गाड्या साधारण १.९ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच असतात. हेच आकडे धरून चालू.

हे १७० पीएस इंजिनाच्या तोंडाशी मोजलेले असतात. तिथून गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शिअल असं करत चाकापर्यंत येताना घर्षणात काही भाग जातो. पगारातून प्रॉव्हिडंट फंड आणि आयकर कापून जावा तसं. ही कपात १५ टक्के धरली तर चाकांच्या हाती पडतात साधारण १४४ पीएस, म्हणजे १०६ किलोवॅट. ही आपली निव्वळ जमा.

टॉर्कचाही उल्लेख पत्रकात असतो. टॉर्क म्हणजे शाफ्ट पिळण्याचा जोर, आणि शक्ती म्हणजे तो जोर गुणिले फेऱ्या. याच इंजिनाचा ३५० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० फेऱ्यांना मिळू लागतो, पण तिथे शक्ती फक्त ८७ पीएस भरते. पूर्ण १७० पीएस मिळायला ३७५० फेऱ्या लागतात. थोडक्यात, १७० हा आकडा इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर असतानाच खरा असतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

खर्चाची बाजू: दोन खाती

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन ठिकाणी खर्च येतो.

पहिलं खातं टायरचं. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणूनच लांबच्या प्रवासानंतर टायर हाताला गरम लागतात. हा विरोध मुख्यतः गाडीच्या वजनावर अवलंबून असतो आणि चांगल्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास असतो. माणसं आणि सामानासह आपली गाडी २२०० किलोची धरली, तर हा विरोध सुमारे २६० न्यूटन, म्हणजे २६ किलोची पिशवी उचलायला लागेल एवढा जोर. वेग वाढल्यावर तो थोडाच वाढतो, म्हणून आपण तो स्थिर धरू. कॉस्ट अकाउंटिंगच्या भाषेत हा स्थिर खर्च.

दुसरं खातं हवेचं, आणि घर बुडवतं ते हेच. हवा आपल्याला जाणवत नाही, पण तिला वजन आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे. इथे एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१ किलो भरतं. ताशी १०० किमीने जाणारी आपली एसयूव्ही दर सेकंदाला २८ मीटर पुढे सरकते आणि तेवढ्या लांबीची हवेची भिंत बाजूला ढकलते. सेकंदाला जवळजवळ ८० घनमीटर हवा!

पुढे हवा दाबली जाते आणि मागे पोकळी तयार होते. ती पोकळी गाडीला मागे खेचते. चौकोनी पाठीच्या गाड्यांत हे खेचणं जास्त असतं. याचा पुरावा घरच्या गाडीवरच दिसतो. धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर एसयूव्हीची मागची काच पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त मळलेली असते, कारण मागच्या भोवऱ्यात धूळ फिरत राहते आणि काचेवर बसते. हॅचबॅक आणि एसयूव्हीला मागे वायपर देतात आणि बहुतेक सेडानना देत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण.

हवेचा विरोध चार गोष्टींवर ठरतो: हवेची घनता, समोरून दिसणारं क्षेत्रफळ, आकाराची सफाई आणि वेगाचा वर्ग.

क्षेत्रफळ काढायला रुंदी गुणिले उंची करून त्यातले ८५ टक्के घ्यायचे, कारण गाडीचे कोपरे गोल असतात आणि चाकांमधली जागा मोकळी असते. आपल्या गाडीचं ते २.९ चौरस मीटर येतं. आकाराची सफाई सांगणाऱ्या आकड्याला ड्रॅग कोएफिशिएंट म्हणतात. तो जितका कमी, तितकी गाडी हवेतून सहज निसटते. खोक्यासारख्या जुन्या मर्सिडीज जी-क्लासचा तो ०.५४ च्या आसपास होता, मर्सिडीजच्याच ईक्यूएस या विजेवरच्या गाडीचा ०.२० आहे. सध्याच्या कौटुंबिक एसयूव्ही साधारण ०.३३ ते ०.३८ मध्ये येतात. आपण ०.३६ धरू.

आता वेगाच्या वर्गाबद्दल. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, कारण दर सेकंदाला दुप्पट हवा समोर येते आणि त्यातला प्रत्येक कण दुप्पट वेगाने ढकलावा लागतो. दोन गुणिले दोन, चार.

पण गोष्ट इथे संपत नाही. विरोधाचा जोर म्हणजे दर मीटरचा खर्च. शक्ती म्हणजे दर सेकंदाचा खर्च. वेग दुप्पट झाल्यावर एक मीटरचा खर्च चौपट झाला, आणि सेकंदाला मीटरही दुप्पट कापायचे आहेत. म्हणून हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते. इंजिनिअर लोक ‘पॉवर वेगाच्या घनाने वाढते’ म्हणतात ते याच अर्थाने.

ताळेबंद मांडू या

वरचे आकडे धरून सपाट रस्त्यावर, वारा नसताना, चाकांवर किती शक्ती लागेल ते असं येतं. टायरचा विरोध सगळीकडे २६० न्यूटन धरला आहे.

ताशी ६० किमी: हवेचा विरोध १५९ न्यूटन, लागणारी शक्ती साडेनऊ पीएस
ताशी ८० किमी: हवेचा विरोध २८३ न्यूटन, शक्ती १६ पीएस
ताशी १०० किमी: हवेचा विरोध ४४३ न्यूटन, शक्ती साडेसव्वीस पीएस
ताशी १२० किमी: हवेचा विरोध ६३८ न्यूटन, शक्ती ४१ पीएस
ताशी १४० किमी: हवेचा विरोध ८६८ न्यूटन, शक्ती ६० पीएस
ताशी १६० किमी: हवेचा विरोध ११३४ न्यूटन, शक्ती ८४ पीएस
ताशी १८० किमी: हवेचा विरोध १४३५ न्यूटन, शक्ती ११५ पीएस
ताशी २०० किमी: हवेचा विरोध १७७१ न्यूटन, शक्ती १५३ पीएस

हा तक्ता सावकाश वाचावा. ताशी ६० ला टायरचा खर्च हवेपेक्षा जास्त आहे. ८० च्या जरा अलीकडे दोन्ही सारखे होतात. त्यानंतर हवा पुढे निघून जाते आणि १८० ला ती टायरच्या साडेपाचपट झालेली असते. म्हणूनच शहरात गाडीचं वजन आणि टायरची हवा यांना महत्त्व, तर महामार्गावर आकाराला.

आपली जमा १४४ पीएस होती. १८० ला खर्च ११५, २०० ला १५३. म्हणजे दोन्हींच्या मध्ये कुठेतरी जमा आणि खर्च सारखे होणार. नेमकं गणित केलं तर ते १९५ च्या आसपास येतं. बी.कॉम.ला आपण ब्रेक-इव्हन पॉइंट शिकलो, त्याचंच हे भावंड. फरक इतकाच, की तिथून पुढे धंद्यात नफा सुरू होतो आणि इथे शिल्लक संपते.

पॉवर वाढली म्हणून वेग वाढत नाही

आता पैसे वाढवून मोठं इंजिन घेण्याचा प्रश्न. शक्तीचा खर्च घनाने वाढत असल्यामुळे टॉप स्पीड फक्त १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती साधारण ३० टक्क्यांनी वाढवावी लागते. आपल्या गाडीला १९५ वरून २१५ वर न्यायचं तर १७० च्या जागी सुमारे २२० पीएसचं इंजिन लागेल. वरच्या टप्प्यात प्रत्येक किलोमीटर फार महाग पडतो. प्राप्तिकराच्या वरच्या स्लॅबसारखंच.

याची उलट बाजूही बघू. जुन्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं आणि ३७ बीएचपीचं होतं. ती १.४४ मीटर रुंद आणि १.४ मीटर उंच. तिचा कोएफिशिएंट ०.३८ आणि चार माणसांसह वजन ९०० किलो धरून हेच गणित केलं तर वेग १३५ च्या आसपास निघतो. एसयूव्हीची शक्ती तिच्या साडेचारपट, पण कागदावरचा वेग दीडपटही नाही. वाढलेल्या शक्तीचा मोठा हिस्सा उंच-रुंद खोकं हवेतून ओढण्यात गेला.

सेडान पुढे का जाते तेही यातच आहे. सेडानचं समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, कोएफिशिएंट ०.२९ आणि वजन माणसांसह १७०० किलो धरा. आकार आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार एसयूव्हीच्या ६१ टक्केच येतो. अशा सेडानला १७० पीएसचं इंजिन दिलं तर ती कागदावर २३० पर्यंत जाते. आणि फक्त १२० पीएसचं दिलं तरी २०० ओलांडते! म्हणजे ५० पीएस कमी असूनही सेडान एसयूव्हीच्या पुढे. यात एसयूव्हीच्या इंजिनाचा काही दोष नाही. आपण उंच बसायची सोय, सात जागा आणि खड्ड्यांतून जाण्याची ताकद मागितली, त्याची ही किंमत आहे.

कागदावरचा वेग आणि रस्त्यावरचा

प्रत्यक्षात कंपनीने सांगितलेला टॉप स्पीड बहुधा आपल्या आकड्यापेक्षा कमी असतो. त्याची कारणं अशी.

पहिलं कारण गिअर. पूर्ण शक्ती ३७५० फेऱ्यांना मिळते. समजा सहाव्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर १००० फेऱ्यांना गाडी ताशी ६० किमी जाते. मग १९५ ला इंजिन ३२५० फेऱ्यांवरच असेल आणि पूर्ण १७० पीएस देणारच नाही. सहावा गिअर वेगासाठी नसतो, महामार्गावर इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून डिझेल वाचवण्यासाठी असतो. कित्येक गाड्यांचा खरा टॉप स्पीड म्हणून पाचव्या गिअरमध्येच मिळतो.

दुसरं कारण, अनेक कंपन्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेगावर टोपण बसवतात. विजेच्या एसयूव्हीत तर हे सर्रास असतं. तिथे शक्ती भरपूर असते, पण वेग वाढला की हवा बॅटरी झपाट्याने रिकामी करते.

तिसरं कारण टायर. टायरच्या कडेला आकाराच्या आकड्यांनंतर एक इंग्रजी अक्षर असतं. ‘एस’ म्हणजे ताशी १८० पर्यंत, ‘टी’ १९०, ‘एच’ २१० आणि ‘व्ही’ २४०. टायर बदलताना दुकानदाराने स्वस्तातला खालच्या अक्षराचा टायर चढवला, तर गाडीची खरी मर्यादा तिथेच ठरली.

आणखी एक गोष्ट. टॉप स्पीडला पोचायला रस्ता किती लागतो? १८० ला आपल्या गाडीची शिल्लक २९ पीएस उरते. एवढ्या शिलकीवर २२०० किलोच्या गाडीचा वेग सेकंदाला एक किलोमीटरनेही वाढत नाही. १९० ला तर सेकंदाला पाव किलोमीटरने वाढतो. १८० वरून १९० ला जायला वीस सेकंदांहून जास्त वेळ आणि एक किलोमीटरहून जास्त मोकळा, सपाट, सरळ रस्ता लागतो.

म्हणून या चाचण्या रस्त्यावर होत नाहीत, खास धावपट्टीवर होतात. अशी धावपट्टी आपल्या शेजारीच आहे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या केंद्रात ११.३ किमी लांबीचा लंबगोल हाय-स्पीड ट्रॅक आहे. जून २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा तो आशियातला सर्वांत लांब ट्रॅक म्हणून जाहीर झाला. जवळपास हजार एकरांवर हे केंद्र पसरलं आहे. तिथली वळणं आतल्या बाजूला उतरती बांधली आहेत, त्यामुळे वेग कमी न करता गाडी फिरत राहते. वरचा तक्ता बघितला की एवढा लांब ट्रॅक का लागतो ते कळतं. देवास नाक्यापासून पुढच्या सिग्नलपर्यंतच्या रस्त्यावर कुणाला गाडीचा टॉप स्पीड ‘बघायचा’ असेल, तर तो मुळात दिसणारच नाही. दिसेल तो फक्त धोका.

चढ, वारा, थंडी आणि कॅरिअर

हे गणित हाताशी आलं की प्रवासातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

चढ: वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर आपल्या गाडीला सुमारे १०८० न्यूटनचा जादा खर्च येतो. ताशी ८० ला सपाटीवर १६ पीएस लागत होते, इथे ४९ लागतात. त्या चढावर टॉप स्पीड १९५ वरून १५७ पर्यंत उतरतो. भेरूघाट किंवा गणपती घाट चढताना गाडी ‘जड’ वाटते ती यामुळे. आणि उतरताना हाच १०८० न्यूटनचा जोर गाडीला पुढे ढकलत असतो. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवू नये.

वारा: रस्त्याचा हिशेब रस्त्याच्या वेगाने होतो, पण हवेचा हिशेब हवेच्या वेगाने. समोरून ताशी २० किमीचा वारा असेल, तर १०० ने जाताना हवेच्या दृष्टीने आपण १२० ने जात असतो. साडेसव्वीसच्या जागी ३४ पीएस लागतात. जाताना आणि येताना मायलेज वेगळं मिळालं तर आधी वाऱ्याची दिशा आठवून बघावी.

थंडी: जानेवारीतल्या आठ अंशांच्या पहाटेची हवा मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के जड असते. विरोधही तेवढाच जास्त.

कॅरिअर: टपावरच्या कॅरिअरने आणि बॅगांनी हवेचा विरोध १० टक्क्यांनी जरी वाढला, तरी १०० च्या वेगाला एकूण खर्च सहा टक्क्यांनी वाढतो. सामान नसताना कॅरिअर काढून ठेवावं. महामार्गावर काचा बंद ठेवाव्यात. आणि टायरमध्ये पत्रकात सांगितलेली हवा ठेवावी. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि वेगात फुटण्याची भीती वाढते.

मग जास्त शक्तीचा उपयोग काय?

शक्ती टॉप स्पीडसाठी फारशी उपयोगी नाही म्हणजे ती निरुपयोगी नाही. ताशी १०० ला आपल्या गाडीचा खर्च साडेसव्वीस पीएस आणि जमा १४४. शिल्लक जवळजवळ ११८ पीएस. ही शिल्लक ओव्हरटेक करायला, घाट चढायला आणि भरलेली गाडी महामार्गावर सामील करायला लागते. दोन पदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना समोरच्या लेनमध्ये आठ सेकंद राहायचं की बारा, हा फरक ती शिल्लक ठरवते.

म्हणून वरचं मॉडेल घ्यावं की नाही हे ठरवताना ‘किती पळेल’ विचारू नये. ‘सहा माणसं आणि सामान भरून घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कशी ओढते’ हे विचारावं. चाचणी फेरीला एकट्याने जाऊ नये, घरची चार माणसं बसवून जावं. आणि ‘किती पीएस’बरोबरच ‘किती फेऱ्यांना’ हेही विचारावं.

डिझेलचाही हिशेब यातूनच निघतो. दर किलोमीटरचा खर्च म्हणजे एकूण विरोध. तो ८० ला ५४३ न्यूटन, १०० ला ७०३ आणि १२० ला ८९८. प्रत्येक २० किलोमीटरच्या वाढीला सुमारे २८-२९ टक्के जादा. प्रत्यक्षात मायलेज इतकं पडत नाही, कारण जास्त भारावर इंजिन थोडं अधिक कार्यक्षम चालतं, पण दिशा हीच असते. १०० किमीच्या टप्प्यात १०० ऐवजी १२० ने गेलो तर वाचतात दहा मिनिटं. चहाच्या एका थांब्याएवढी.

वेग मिळवायला इंजिन, थांबायला फक्त टायर

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी. वेग मिळवण्यासाठी आपल्याकडे १७० पीएस आहेत. थांबण्यासाठी टायरचे चार तळवे, प्रत्येकी साधारण तळहाताएवढे. गाडीत साठलेली ऊर्जाही वेगाच्या वर्गाने वाढते. १०० वरून १२० ला ती ४४ टक्क्यांनी वाढते.

समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोरदार ब्रेक लागतो असं धरा. मग थांबायला लागणारं एकूण अंतर असं येतं:

ताशी १०० ला: ४२ मीटर विचारात, ५५ मीटर ब्रेकमध्ये, एकूण ९७ मीटर
ताशी १२० ला: ५० आणि ७९, एकूण १२९ मीटर
ताशी १४० ला: ५८ आणि १०८, एकूण १६६ मीटर

१०० ने येणारी गाडी जिथे थांबलेली असते, तिथे १४० ने येणाऱ्या गाडीला अजून जवळजवळ ७० मीटर जायचं असतं. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढतं. रात्री हेडलाइटच्या उजेडात रस्ता जितका दिसतो, त्यापेक्षा थांबायचं अंतर जास्त झालं तर आपण आंधळेपणाने गाडी चालवत असतो. मग इंजिन किती पीएसचं आहे याला काही अर्थ राहत नाही.

जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ८० ओलांडल्यावर मधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर सतत बीप वाजतो. समृद्धीसारख्या महामार्गावरही मोटारींना मर्यादा १२० ची आहे. १२० ला आपल्या गाडीला चाकांवर ४१ पीएस लागतात. म्हणजे कायद्याच्या सर्वांत वरच्या वेगालाही तीन चतुर्थांश इंजिन रिकामं असतं. घरातल्या तरुण मंडळींना हा एक आकडा जरूर सांगावा. ‘हळू चालव’ म्हणण्यापेक्षा तो जास्त पटतो.

आपल्या गाडीचं गणित घरी करा

ज्यांना हौस असेल त्यांनी मुलं-नातवंडांना घेऊन करून बघावं. कॅल्क्युलेटर पुरे.

एक, गाडीचं माणसांसह वजन किलोमध्ये घेऊन ०.१२ ने गुणा. हा टायरचा विरोध.
दोन, ताशी वेगाचा वर्ग करा आणि मोठ्या एसयूव्हीसाठी ०.०४४ ने, सेडानसाठी ०.०२७ ने गुणा. हा हवेचा विरोध.
तीन, दोन्हींची बेरीज गुणिले ताशी वेग, भागिले २६५०. ही लागणारी शक्ती पीएसमध्ये.
चार, माहितीपत्रकातल्या पीएसचे ८५ टक्के काढा. तिसऱ्या पायरीतला आकडा ज्या वेगाला याच्या बरोबर येईल, तो आपल्या गाडीचा कागदावरचा टॉप स्पीड.

हे करताना १००, १२० आणि १४० या वेगांपुढे थांबायचं अंतरही लिहावं. दोन्ही आकडे एकाच कागदावर असले म्हणजे हिशेब पुरा होतो.